चार खाटांच्या केबिनमध्ये चौघांना जागा का मिळत नाही?

शिर्डी, गणपतीपुळे, महाबळेश्वर अशा ठिकाणी खोली घेताना आपल्याकडच्या कुटुंबांची एक पद्धत ठरलेली असते. खोली दोघांची घ्यायची आणि काउंटरवर सांगायचं, ‘दोन गाद्या जास्तीच्या लागतील.’ गाद्या येतात, मुलं खाली झोपतात, प्रश्न मिटतो. हीच मंडळी मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझचं बुकिंग करायला बसली की पहिल्याच पायरीवर अडतात. केबिनच्या फोटोत चार खाटा दिसतात, जहाजावर केबिन शिल्लक आहेत असं एजंट सांगतो, घरची माणसंही चारच आहेत. तरी चौघांची नावं दिल्यावर उत्तर येतं की ही केबिन आता दोघांनाच मिळेल.

दुसरा गोंधळ दराचा. ‘माणशी इतके’ असं छापलेलं असतं, पण एकटा माणूस जायचं म्हणाला तर त्याला जवळजवळ दोघांचे पैसे सांगतात, आणि चौघं एका केबिनमध्ये गेले तर शेवटच्या दोघांना बरंच कमी पडतं.

हे दोन्ही गोंधळ एका घराच्या उदाहरणाने सोडवू. अंबड तालुक्यातलं अंकुशनगर हे समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवती वसलेलं गाव. कारखान्याचे संस्थापक अंकुशराव टोपे यांचंच नाव त्याला मिळालं. समुद्र इथून साधारण चारशे किलोमीटर दूर. मोठं पाणी म्हणजे शहागडची गोदावरी, नाहीतर पैठणचा नाथसागर. कारखान्यात किंवा शाळेत नोकरी करणारे आईवडील, पुण्यात नोकरीला लागलेली बावीस वर्षांची मुलगी आणि इंजिनिअरिंगला असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा, असं कुटुंब इथे घरोघरी सापडेल. मुलं लहान असताना सहलीला पैसे नव्हते. आता पैसे जमले, तर मुलांना सुट्टी मिळेनाशी झाली. अशा घरासाठी समुद्रावरचे तीन-चार दिवस ही मोठी गोष्ट आहे, म्हणून केबिनचा हिशोब नीट समजून घेण्यासारखा आहे.

दर माणशी, हिशोब जोडीचा

क्रूझ कंपनीच्या लेखी केबिन म्हणजे दोन माणसं. छापलेला दर एका माणसाचा असला, तरी त्या केबिनमध्ये दुसरा माणूस आहेच असं धरून तो काढलेला असतो. कंपनीचा खर्च आणि नफा या दोन पूर्ण भाड्यांतून निघतो. तिसरा आणि चौथा माणूस त्याच खोलीत वरच्या खाटेवर किंवा सोफ्यावर झोपतो. त्याच्यासाठी वेगळं बाथरूम लागत नाही, वेगळी खोली अडकत नाही, जास्तीचं काय ते जेवण. म्हणून त्याचं भाडं कमी. उलट एकटा माणूस केबिन घेतो तेव्हा दुसऱ्याची जागा वाया जाते, आणि ती भरपाई त्याच्याकडून घेतली जाते.

आकड्यांत पाहू. हे आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. समजा, खिडकी नसलेल्या आतल्या केबिनचं पूर्ण भाडं माणशी ३०,००० रुपये आहे आणि तिसऱ्या-चौथ्याचं १५,०००. चौघं एका केबिनमध्ये गेले तर ९०,००० रुपये. दोन केबिन घेतल्या तर चौघांचंही भाडं पूर्ण, म्हणजे १,२०,०००. फरक ३०,००० रुपयांचा. यावर बंदराचे आकार आणि कर असतात. त्यांतले काही माणशी लागतात, तर जीएसटी भाड्यावर. बुकिंगच्या पानावर ते शेवटी दिसतात, म्हणून तुलना नेहमी शेवटच्या रकमेची करावी.

इथे एक गंमत आहे. बाल्कनीच्या केबिनचं भाडं माणशी ४५,००० धरा आणि तिसऱ्या-चौथ्याचं तेच १५,०००. चौघांची बाल्कनी केबिन पडली १,२०,००० रुपयांना, म्हणजे दोन आतल्या केबिनच्याच किमतीत. जाहिरातीत बाल्कनी सुंदर दिसते आणि पुष्कळ कुटुंबं तिकडे वळतात. मुलं आठ-दहा वर्षांची असतील तर मीही तेच सांगेन. पण चौघंही मोठे असतील तर दोन आतल्या केबिनच घ्याव्यात. कारण पुढे येतंच आहे.

भाड्याची ही जोडीची रीत सगळ्याच बोटींवर नव्हती. कोकण किनाऱ्यावर चालणाऱ्या जुन्या आगबोटींत बहुतेक लोक डेकवरच पथारी टाकून झोपत, आणि तिकीट सरळ माणशी असे. ऑक्टोबर २०१८मध्ये मुंबई-गोवा मार्गावर कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ‘आंग्रिया’ सुरू झाली. जपानमधून आणलेल्या त्या बोटीवर सामायिक दालनातला बंक घेण्याचीही सोय होती. एकट्याने जाणाऱ्या तरुण माणसाला ती परवडणारी. मोठ्या क्रूझ जहाजावर मात्र अशी दालनं नसतात. तिथे विकायचं माप केबिन हेच.

जास्तीची गादी का टाकता येत नाही

आता मूळ कोड्याकडे येऊ. जहाज हे तरंगतं हॉटेल आहे असं आपण सहज म्हणतो, आणि तिथेच आपला अंदाज चुकतो. हॉटेलात आग लागली तर माणसं जिन्याने उतरून रस्त्यावर येतात. जहाजावरून उतरायला रस्ता नसतो. म्हणून जहाजावर किती माणसं घ्यायची हे खाटांवरून ठरत नाही, जीवरक्षक नौकांवरून, म्हणजे लाइफबोटींवरून ठरतं.

हा नियम फार मोठी किंमत मोजून आला. एप्रिल १९१२मध्ये ‘टायटॅनिक’ बुडाली तेव्हा तिच्यावर सुमारे २,२०० माणसं होती आणि लाइफबोटींत जागा होत्या ११७८. त्यानंतर १९१४मध्ये लंडनला समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तो ‘सोलास’ या नावाने ओळखला जातो आणि आज त्याची १९७४ची सुधारित आवृत्ती चालते. लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या प्रवासी जहाजावर प्रत्येक बाजूला एकूण माणसांपैकी निम्म्यांना पुरतील इतक्या लाइफबोटी असाव्यात, त्यांतला काही भाग तराफ्यांनी भरून काढला तरी प्रत्येक बाजूच्या बोटींची क्षमता ३७.५ टक्क्यांखाली जाऊ नये, आणि शिवाय २५ टक्के माणसांना पुरतील इतके तराफे वेगळे असावेत, असं हा करार सांगतो. किती माणसांसाठी ही साधनं आहेत तो आकडा जहाजाच्या सुरक्षा प्रमाणपत्रासोबत लिहिलेला असतो. तान्हं मूलही त्यात एक माणूस म्हणूनच धरलं जातं.

महाराष्ट्राला हे दुःख ऐकीव नाही. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. रायगडच्या किनाऱ्यावरच्या गावांत आजही ती आठवण निघते. तेव्हा बुकिंगच्या खिडकीवर ‘चौघांना मिळणार नाही’ हे उत्तर आलं तर रागावू नये. त्यामागे अशा माणसांची आठवण आहे.

आता हा नियम केबिनपर्यंत कसा पोचतो ते पाहा. मुंबईहून सप्टेंबर २०२१पासून फेऱ्या करू लागलेलं कॉर्डेलिया कंपनीचं ‘एम्प्रेस’ हे जहाज घ्या. १९९०मध्ये फ्रान्समध्ये ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने ते बांधलं गेलं आणि बरीच वर्षं रॉयल कॅरिबियन या कंपनीकडे होतं. त्यावर सुमारे आठशे केबिन आहेत. केबिनला दोन या हिशोबाने प्रवासी होतात सुमारे १,६००. तिसऱ्या-चौथ्या खाटा धरल्या तर संख्या १,८००च्या पुढे जाते. म्हणूनच क्रूझ कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत ‘जहाज १०५ टक्के भरलं’ अशी वाक्यं दिसतात. त्यांचे शंभर टक्के म्हणजे दर केबिनला दोन माणसं. वरचे पाच टक्के हे वरच्या खाटांवरचे.

प्रत्येक केबिनला जहाजावरची एक जमण्याची जागा नेमून दिलेली असते. तिला मस्टर स्टेशन म्हणतात. धोक्याची घंटा झाली की त्या केबिनमधल्या माणसांनी तिथेच जायचं आणि तिथूनच ठरलेल्या लाइफबोटीत बसायचं. त्या स्टेशनच्या वाट्याच्या बोटींतल्या जागा भरल्या की त्या भागातल्या केबिनच्या वरच्या खाटा कंपनी विकणं बंद करते. खाट भिंतीत तशीच दुमडून राहते आणि केबिन दोघांची होते. कोड्याचं उत्तर हेच: खाट शिल्लक असते, तिच्या नावाची बोटीतली जागा संपलेली असते.

यातून एक उपयोगी गोष्ट निघते. जहाजाच्या पुढच्या भागात चौघांची केबिन बंद झाली असेल तरी मागच्या भागात ती मिळू शकते, कारण तिथलं स्टेशन वेगळं असतं. एजंट पहिल्याच केबिनवर ‘नाही’ म्हणाला तर दुसऱ्या भागातली किंवा दुसऱ्या डेकवरची पाहायला सांगावी.

दोन केबिन, दोन बाथरूम

केबिन किती मोठी असते? आतली साधी केबिन सव्वाशे चौरस फुटांच्या आसपास, म्हणजे आपल्या दहा बाय बाराच्या खोलीएवढी, तीही बाथरूमसकट. आधुनिक जहाजांच्या केबिन कारखान्यात बाथरूमसह तयार होतात आणि जहाजाच्या सांगाड्यात पेटीसारख्या बसवल्या जातात. त्यामुळे त्या एकसारख्या असतात आणि त्यांत एक फूटही सैल जागा नसते.

तिसरी-चौथी खाट बहुधा भिंतीतून किंवा छतातून खाली येते. शिडीने वर चढावं लागतं. काही केबिनमध्ये त्याऐवजी सोफा उघडून पलंग होतो. रात्री दोन्ही उघडल्यावर चालायला जागा उरत नाही. सहा फुटी एकोणीस वर्षांचा मुलगा वरच्या खाटेवर पाय दुमडून झोपेल, पण रात्री दीडला नाच-गाणी संपवून मुलं परत येणार, दिवा लावणार, आणि पहाटे पाचला उठायची सवय असलेले वडील तेव्हा गाढ झोपेत असणार. सकाळी एकच बाथरूम आणि चौघं मोठे. मुलीला कपडे बदलायलाही आडोसा नाही. बाल्कनीतून दिसणारा समुद्र या अडचणी भरून काढत नाही, कारण तोच समुद्र वरच्या उघड्या डेकवरून सगळ्यांना फुकट दिसतो. शिवाय ‘एम्प्रेस’सारख्या १९९०च्या जहाजावर बाल्कन्या मुळातच मोजक्या आहेत. केबिनला बाल्कनी देण्याची चाल नंतर वाढली.

पैसे थोडे जास्त असतील तर माझी पसंती अशी: आईवडिलांना खिडकीची केबिन आणि बोळाच्या पलीकडे, समोरच मुलांना आतली. मुलं केबिनमध्ये झोपेपुरतीच असतात, खिडकी त्यांच्या कामाची नाही. भाऊ-बहीण एका केबिनमध्ये असतील तर पलंग वेगवेगळे करून हवेत, हे बुकिंग करतानाच लिहून द्यावं. खालचे दोन पलंग बहुतेक ठिकाणी जोडता आणि वेगळे करता येतात. काही केबिनमध्ये मात्र वरून खाट उतरत असल्यामुळे ते हलवता येत नाहीत.

‘कनेक्टिंग’ आणि ‘शेजारची’ या दोन शब्दांत गल्लत होते. कनेक्टिंग म्हणजे मधल्या भिंतीत दार असलेल्या दोन केबिन. अशा जोड्या थोड्या असतात आणि लवकर जातात. त्या दारातून आवाजही येतो. तरुण मुलांसाठी नुसती शेजारची किंवा समोरची केबिन अधिक बरी. आणखी एक सावधगिरी: सगळ्यात स्वस्त दर अनेकदा अशा बुकिंगचा असतो ज्यात केबिनचा नंबर कंपनी नंतर ठरवते. दोन केबिन अशा घेतल्या तर एक तिसऱ्या डेकवर आणि दुसरी आठव्यावर येऊ शकते. जवळजवळ राहायचं असेल तर नंबर निवडून घ्यावेत.

सोबत आजी असतील तर हिशोब बदलतो. पाच जणांसाठी तीन आणि दोन अशी विभागणी होते. आजींसोबत नात, आणि आईवडिलांच्या केबिनमध्ये मुलगा वरच्या खाटेवर. आजींची केबिन जहाजाच्या मध्यावर, खालच्या डेकवर आणि लिफ्टजवळ असावी. बैलगाडीत आखावर बसलेल्याला धक्के कमी बसतात आणि मागच्या टोकाला बसलेला उसळतो, ते उसाच्या पट्ट्यातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. जहाज लाटेवर पुढे-मागे डोलतं तेव्हाही मधला भाग कमी हलतो, टोकं जास्त. डावी-उजवीकडे कलतानाही जितकं खाली आणि मध्यरेषेजवळ, तितका झोका कमी. म्हणजे ज्याला मळमळ होते त्याच्यासाठी सगळ्यात स्वस्त आतली केबिनच सगळ्यात स्थिर निघते.

वय अठरा की एकवीस

मुलं कायद्याने सज्ञान झाली म्हणजे जहाजावरही झाली, असं नाही. अमेरिकेच्या बंदरांतून सुटणाऱ्या रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर एकवीस वर्षांखालच्या प्रवाशाच्या केबिनमध्ये एकवीस पूर्ण झालेली एक व्यक्ती असावी लागते. आईवडील लगतच्या केबिनमध्ये असतील तर सूट मिळते. आशियातून आणि युरोपातून निघणाऱ्या फेऱ्यांना तीच कंपनी अठरा वर्षं धरते. न्यू जर्सीत राहणाऱ्या लेकीकडे उन्हाळ्यात गेलेले मराठवाड्यातले आईवडील आता बेयॉन बंदरातून क्रूझला जातात. बरोबर एकोणीस-वीस वर्षांचा धाकटा मुलगा असेल तर त्यांनी हा नियम आधीच पाहावा. इथल्या आपल्या कुटुंबात बहीण बावीस वर्षांची आहे, म्हणून भावा-बहिणीची केबिन दोन्हीकडे चालेल. दोघंही एकवीसच्या खाली असते आणि आईवडिलांची केबिन लगतची नसती, तर कागदावर आई-मुलगी एका केबिनमध्ये आणि वडील-मुलगा दुसऱ्या केबिनमध्ये दाखवावे लागले असते.

काही कंपन्यांचा असाही नियम आहे की एका केबिनमधल्या एका प्रौढाने मद्याचं पॅकेज घेतलं तर त्या केबिनमधल्या सगळ्या प्रौढांना ते घ्यावं लागतं, म्हणजे एकाने घेऊन सगळ्यांनी वापरू नये. वारकरी घरातल्या वडिलांना न प्यायलेल्या दारूचं बिल नको असेल, तर वेगळ्या केबिनचं हे आणखी एक कारण.

मुलीची सुट्टी रद्द झाली तर

हा मुद्दा एजंट बहुधा सांगत नाहीत, आणि तरुण मुलांच्या घरात तो सगळ्यात आधी यायला हवा. समजा, आठवड्यावर क्रूझ आली आणि ऑफिसने मुलीची रजा नाकारली. चौघं एका केबिनमध्ये असते तर एक कमी भाड्याची खाट रिकामी झाली असती, नुकसान तेवढंच. पण दोन केबिन असतील तर मुलगा त्याच्या केबिनमध्ये एकटा उरतो आणि कंपनी त्याच्याकडून दोघांचं भाडं मागू शकते.

यावर उपाय असा, की आईवडिलांची केबिन घेतानाच ती तीन माणसांची क्षमता असलेली घ्यावी, आत्ता त्यात दोघंच राहणार असले तरी. गरज पडली तर मुलाला तिकडे हलवता येतं, अर्थात त्या स्टेशनवर तेव्हा जागा शिल्लक असेल तर. दोन केबिनचे बुकिंग क्रमांक वेगळे असतात. ते एकमेकांना जोडून घ्यायला सांगावं, म्हणजे जेवणाचं टेबल एकत्र मिळतं आणि बदल करताना कंपनीला हे एकच कुटुंब आहे हे दिसतं.

चौकट: पैसे भरण्याआधी एजंटला विचारा

या केबिनची कमाल क्षमता किती, आणि आमच्या तारखेला त्यांपैकी किती खाटा अजून विक्रीला आहेत?
वरची खाट आहे की सोफा? खालचे पलंग वेगळे होतात का?
केबिनचा नंबर आत्ता मिळेल की नंतर?
केबिनमध्ये एकट्याने राहायला किमान वय किती?
एक प्रवासी गळला तर उरलेल्याचं भाडं किती होईल, आणि कुठल्या तारखेपर्यंत रद्द केलं तर पैसे परत मिळतात?
बंदराचे आकार आणि कर धरून शेवटची रक्कम किती?

गाळपाचा हंगाम आणि समुद्राचा हंगाम

पावसाळ्यात अरबी समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे मुंबईहून क्रूझचा हंगाम ढोबळमानाने दसरा-दिवाळीपासून मेअखेरपर्यंत चालतो. अंकुशनगरची पंचाईत अशी, की कारखान्याचं गाळपही साधारण याच काळात असतं. ऊसतोड, वजनकाटा, पाळ्या हे सगळं चालू असताना कारखान्यातल्या माणसाला किंवा ऊस उभा असलेल्या शेतकऱ्याला दिवाळीत आणि नाताळात निघता येत नाही. उरतो मे महिना. पण तेव्हा सगळ्या शाळांना सुट्ट्या असतात आणि लहान मुलांची कुटुंबं चौघांच्या केबिन आधीच घेऊन ठेवतात. लाइफबोटीच्या हिशोबातल्या जास्तीच्या जागा सगळ्यात लवकर संपतात त्या याच महिन्यात. म्हणून मेमध्ये जायचं तर एका केबिनचा विचार करणाऱ्यांनी काही महिने आधी बुकिंग करावं. दोन केबिन घेणाऱ्यांना तुलनेने उशिरापर्यंत जागा मिळते, कारण त्यांना जास्तीची खाट लागतच नाही. गाळप लवकर आटोपलं आणि मुलांच्या परीक्षा आड आल्या नाहीत, तर एप्रिलचे आठवड्याच्या मधले दिवस स्वस्तही पडतात आणि गर्दीही कमी असते.

प्रवासी जहाजं बॅलार्ड पिअरच्या बाजूने सुटतात. सीएसएमटीहून ते अंतर टॅक्सीने काही मिनिटांचं. जालन्यावरून जाणारी वंदे भारत दुपारी मुंबईत पोचते, पण तिच्या भरवशावर त्याच दिवशी जहाज गाठायला जाऊ नये. जहाज संध्याकाळी सुटणार असलं तरी चेक-इन बरंच आधी बंद होतं, आणि गाडीला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही. आदल्या दिवशीच मुंबई गाठलेली बरी.

जहाजावर चढल्यावर प्रत्येकाला केबिनचं किल्ली-कार्ड मिळतं आणि त्यावर बहुधा मस्टर स्टेशनचं अक्षर किंवा क्रमांक छापलेला असतो. जानेवारी २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडली, तेव्हा नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांची सराव-कवायत व्हायची होती. त्यानंतर २०१५पासून ही कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणी घेणं बंधनकारक झालं. कुटुंबाने दोन केबिन कागदावर एका पद्धतीने घेतल्या असतील आणि प्रत्यक्षात झोपण्याची अदलाबदल करायची असेल, तर ती आधी रिसेप्शनवर सांगून कार्डं बदलून घ्यावीत. घंटा झाल्यावर हजेरी केबिनच्या यादीवरूनच घेतली जाते, आणि यादीत मुलगा एका स्टेशनवर आणि प्रत्यक्षात दुसऱ्यावर असेल तर कर्मचारी त्याला शोधायला रिकाम्या केबिनकडे धावतील. समोरासमोरच्या केबिनना बहुधा एकच स्टेशन मिळतं. तरीही पहिल्याच संध्याकाळी चौघांनी आपापली कार्डं शेजारी ठेवून स्टेशनचं अक्षर एकच आहे का ते पाहावं, आणि नसेल तर तिथे जायचा जिना एकदा पायी चालून यावा.